रुमाल टाकलेली जागा

(परभणीचं बसस्थानक. गंगाखेडची गाडी फलाटाला लागते आहे.)

गाडी नीट थांबायच्या आधीच खिडक्यांतून रुमाल, टोप्या, पिशव्या आत पडतात. रुमाल ज्याचा, जागा त्याची. हा कायदा कुठं लिहिलेला नाही, तरी सगळी गाडी तो पाळते.

लिहिलेला कायदाही याच गाडीत आहे. ‘स्त्रियांसाठी राखीव’. २०२२ साली पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला, मार्च २०२३ मध्ये बायकांना अर्धं तिकीट झालं. म्हाताऱ्याकोताऱ्या, लेकुरवाळ्या गाडीत वाढल्या. पाटीखाली बसलेला मात्र बऱ्याचदा उठत नाही.

मागच्या उन्हाळ्यात याच रस्त्यावर एका बाबांनी एका पोराला म्हटलं, “भाऊ, ऊठ की जरा. लेकरू घेऊन उभी हाय ती.”

आमच्याकडचा हा ‘की’ फार कामाचा. नुसतं ‘ऊठ’ म्हटलं की हुकूम होतो, ‘ऊठ की’ म्हटलं की घरचं माणूस बोलल्यासारखं वाटतं.

पोरगा उसळला. “तुमची कोण लागती ती?”

बाबा गप्प झाले. दांडीवरचा त्यांचा हात थरथरत होता. अख्खी गाडी खिडकीबाहेर बघायला लागली. मीही.

त्या पोराच्या उद्धटपणापेक्षा आमचं हे गप्प बसणं मला जास्त लागलं. पहिला बोलणारा एकटा पडतो, म्हणून पुढच्या वेळी तोही बोलत नाही.

प्रत्येक वेळी तोंडावरच बोलावं, असं मी म्हणणार नाही. दारू प्यालेल्याच्या अंगावर जाऊ नये. कंडक्टरला सांगावं, वेळ आलीच तर गाडी पोलीस ठाण्याला घ्यायला लावावी. पोरीला कुणी त्रास देत असेल, तर आधी तिच्याजवळ जाऊन उभं राहावं, “ताई, इकडं बस” म्हणावं. मग ११२ लावावा. रेल्वेत १३९. तिच्याजवळ कुणी आहे, एवढं दिसलं तरी त्रास देणारा बिचकतो.

(पोखर्णीचा थांबा.)

पोखर्णीला माळव्याची पाटी घेऊन एक मावशी चढल्या. उभ्या बाईकडं, बाबांकडं बघून त्यांनी काय ते ओळखलं. “ओ कंडक्टर, उठवा की त्याला. लेडीजची सीट हाय ना ही?” मागून आणखी दोघी बोलल्या. पोरगा उठला. भांडण झालं नाही.

गंगाखेडला उतरताना बाबांनी मावशींना हात जोडले. मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो. माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही.