घारीसारखा हात

मुलांनो, आणि मुलांनी ओढून आणलेल्या पालकांनो, नमस्कार. पत्रिकेत 'प्रत्यक्ष गिनीपिगांसह' असं छापलंय, पण मी त्यांना आणलेलं नाही. रिक्षा, लिफ्ट, माइकची शिट्टी आणि इतकी सगळी माणसं त्यांना सोसायला लावायची आणि मग तुम्हाला सांगायचं की बाबांनो, गिनीपिगांना घाबरवू नका! त्याऐवजी हा मोजा आणलाय. आमच्या ह्यांचा जुना लोकरी मोजा आहे, आत एक किलो तांदूळ. पूर्ण वाढलेला गिनीपिग ७०० ग्रॅमपासून १२०० ग्रॅमपर्यंत भरतो. तेव्हा आज हाच आपला गिनीपिग.

तू ये रे पुढे, निळा शर्ट. उचल बरं याला.

पाहिलंत? हात वरून आला, पाठीला चिमटा बसला आणि मागचं अर्धं अंग लोंबकळत राहिलं. त्याची काही चूक नाही, आपण सगळे असंच उचलतो. आता तोच हात खालून, गिनीपिगाच्या नजरेनं बघा. याचे पूर्वज दक्षिण अमेरिकेतले. अँडीजच्या लोकांनी काही हजार वर्षांपूर्वी यांना माणसाळवलं, तेसुद्धा खाण्यासाठी. पेरू-बोलिव्हियाच्या खेड्यांत अजूनही हे 'कुय' स्वयंपाकघरात पायांत पायांत फिरतात. माणसाच्या घरात एवढ्या पिढ्या गेल्या, पण वरून सावली पडली की काळजात धस्स होणं काही गेलेलं नाही. आमच्या आजीच्या कोंबड्या घार फिरायला लागली की पिल्लांना पंखाखाली घ्यायच्या. गिनीपिगासाठी तुमचा हात म्हणजे ती घार.

आणि पळायची तयारी यांची जन्मापासूनची. उंदराचं पिल्लू उघडंवाघडं, डोळे मिटलेलं जन्मतं. हे सुमारे दोन महिने आईच्या पोटात राहून केस, दात, उघडे डोळे असं सगळं घेऊनच येतं आणि काही तासांत धावायला लागतं.

आता माझी चूक सांगते. माझा पहिला गिनीपिग आणला त्या संध्याकाळी आम्ही त्याला घरभर फिरवला. आधी मुलीच्या मांडीवर, मग सासूबाईंच्या, मग शेजारच्या काकू आल्या, त्यांच्याही. तो हलला नाही की ओरडला नाही. सगळे म्हणाले, किती शांत, किती गुणी! मलाही कौतुक वाटलं. डोळे बाहेर आल्यासारखे झाले होते, कडेचं पांढरं दिसत होतं, पण ते मी कौतुकाच्या भरात पाहिलंच नाही. सकाळी गवत तसंच्या तसं, कोथिंबीर सुकलेली. हा प्राणी भीतीनं आधी थिजतो. पळायला जागा नसली की दगड होऊन बसतो. त्यात यांचं पोट सतत चालू राहावं लागतं, दिवसभर खाणं थांबलं तरी जिवावर बेतू शकतं. आमचा वाचला, डॉक्टरांमुळे. पण तेव्हापासून 'शांत' हा शब्द ऐकला की मी आधी डोळे बघते.

म्हणून आणल्यावर पहिले दोन-तीन दिवस फक्त गवत-पाणी द्यायचं आणि बाजूला व्हायचं. पिंजरा टीव्हीजवळ नको, मिक्सरजवळ तर नकोच. लपायला खोका हवाच, आणि त्याला दोन दारं हवीत, म्हणजे एकाला दुसऱ्यानं कोंडलं तरी वाट राहते. 'एकाला, दुसऱ्याला' असं म्हणतेय, कारण हे एकटे राहणारे प्राणी नाहीत. स्वित्झर्लंडमध्ये २००८ पासून गिनीपिग एकटा पाळता येत नाही, तसा नियमच आहे. जोडीतला एक धीट निघाला की दुसरा त्याच्याकडे बघून शिकतो, आपले कष्ट निम्मे.

चौथ्या दिवसापासून जमिनीवर मांडी घालून बसा. मी पेपर मोठ्यानं वाचायचे, अग्रलेखसुद्धा. त्यांना काय, आवाज ओळखीचा झाला म्हणजे झालं. मग ढोबळी मिरचीची लांब चीर हातात धरायची. आपल्यासारखंच यांच्याही शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, त्यामुळे हा खाऊ औषधीही आहे. चीर लांब अशासाठी, की यांचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. मागचं, वरचं दिसतं, पण नाकासमोरचं नीट दिसत नाही. बोट आणि मिरची यांत घोटाळा होतो. पहिल्यांदा तो मान लांब करेल, मागचे पाय तिथेच ठेवून, अगदी रबरासारखा ताणेल, चीर हिसकेल आणि खोक्यात पसार. होऊ दे. माझ्या एका मादीनं असं अकरा दिवस केलं. बाराव्या दिवशी ती तिथेच बसून खायला लागली आणि मी पायाला मुंग्या आल्या तरी हलले नाही.

हात लावायचा तो हनुवटीखाली किंवा गालाला. पाठीमागून, ढुंगणाला हात लागलेला बहुतेकांना खपत नाही. डोकं झटकून हात वर ढकलला, तर त्याचा अर्थ 'बास' असा आहे. दात कटकट वाजले तर हात काढाच. आणि घरघर ऐकून मांजर समजू नका: खोल, सैल घरघर समाधानाची असते, भांडं पडल्यावर येणारी तोकडी 'डर्र' दचकल्याची.

आता उचलणं. पिंजऱ्यात पाठलाग करून पकडायचं नाही, ही एक गोष्ट तरी घरी घेऊन जा. खोका नाहीतर कापडी बोगदा आत ठेवा, तो आपणहून शिरला की दोन्ही बाजू झाकून खोक्यासकट उचला. हातानं उचलायचं तेव्हा, हा बघा मोजा, एक तळवा पुढच्या पायांमागे छातीखाली, दुसरा बुडाखाली, आणि लगेच स्वतःच्या छातीशी. तुम्ही खालीच बसलेले हवे. उतरवताना जमीन दिसली की हे उडी मारतात. हाडं नाजूक, पाय मोडायला फूटभर उंचीही पुरते. म्हणून चारही पाय टेकेपर्यंत सोडायचं नाही. पाच मिनिटं झाली, कपडा कुरतडायला लागला, की परत ठेवा. बहुतेकदा लघवी आलेली असते. आणि एप्रिल-मेच्या दुपारी मांडीवर अजिबात नको, तीस अंशांच्या वरचं ऊन यांना मारून टाकतं.

तिथून एक ताई विचारतायत की काहींना कधीच आवडलं नाही तर? नाही आवडत काहींना. माझा एक बोका (त्याचं नावच बोका) सहा वर्षं जगला, मांडीवर कधी रमला नाही. मी आले की मोकळ्यावर लाह्या फुटल्यासारख्या जागच्या जागी उड्या मारायचा, पण उचललेलं नको. तरीही आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन आणि अधूनमधून नखं, एवढ्यापुरतं त्याला हाताची सवय लावावीच लागली. हे प्राणी आजार लपवतात, वजन आधी सांगतं. तो खोक्यातच काट्यावर बसायचा, मी खोक्याचं वजन वजा करायचे.

बरं, आता सगळ्यांनी ओळीनं या आणि मोजा उचलून बघा. वरून उचलेल त्यानं परत ओळीच्या शेवटी जायचं. पालकांनीसुद्धा.