कणगीतला तिरंगा

नमस्कार, श्रोतेहो. दिंडीची पताका, कळसावरचे भगवे निशाण, दर्ग्याचे हिरवे निशाण आणि विहारासमोरचा पंचशील ध्वज यांची आपणांस ओळख आहेच. आज मी बोलणार आहे ते मराठवाड्यातील खेड्यांमध्ये तिरंग्याचा अर्थ कसा पालटत गेला, त्याविषयी.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, पण मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानातच राहिला. निजामाविरुद्धच्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या हाकेला ओ देऊन तेथे तिरंगा लावणे म्हणजे तुरुंगवास आणि रझाकारांचा, म्हणजे निजामाच्या सशस्त्र पाठीराख्यांचा, रोष ओढवून घेणे होते.

नांदेड जिल्ह्यातील माझ्या आजोळी शेजारच्या थोरल्या आजी त्या दिवसांची हकिकत सांगत. त्या तेव्हा नुकत्याच नांदायला आल्या होत्या. दिरांनी रातोरात आणलेला खादीचा झेंडा सासूबाईंनी घडी घालून कणगीत ठेवला, वर ज्वारी ओतली आणि तोंड शेणमातीने लिंपून टाकले. (त्या गावात आता जिकडेतिकडे सोयाबीन दिसते, ज्वारी घरातून गेली, हे मला आजही रुचत नाही.) पुढे रझाकार आले, त्यांनी घर धुंडाळले, कणगीत भाला खुपसला आणि रिकाम्या हाताने परतले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली. ती वार्ता गावात पोहोचल्यावर कणगी फोडली, तेव्हा झेंड्याच्या हिरव्या पट्ट्याला भाल्याचे भोक पडलेले दिसले. आजींनी ते आपल्या लुगड्याच्या धाग्याने रफू केले आणि मगच तो झेंडा पारावर चढला.

असा हा झेंडा, जो जिवावर उदार होऊन लपवावा लागे, तो पुढे शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या अंगणातला झाला. २००२ च्या ध्वजसंहितेने तो नागरिकांना वर्षभर लावता येऊ लागला, २०२१ च्या अखेरीस पॉलिस्टरला मुभा मिळाली आणि २०२२ पासून ‘घरोघरी तिरंगा’ आला. तो प्रत्येक घरी पोहोचला, याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र नांदेडला राष्ट्रध्वजाची खादी तयार होत असताना आपल्या पत्र्यांवर पॉलिस्टर फडकावे, हे मला पटत नाही.

त्याहून अधिक खटकते ते हे, की लावलेला झेंडा पुष्कळदा उतरवलाच जात नाही आणि पोळ्यापर्यंत त्याच्या चिंध्या होतात. श्रोतेहो, झेंडा विटण्याआधी उतरवा. पुन्हा सांगतो, विटण्याआधी उतरवा. फाटलाच, तर तो उकिरड्यावर न टाकता संहितेप्रमाणे एकांतात, सन्मानाने, शक्यतो अग्नीच्या स्वाधीन करावा. ग्रामपंचायतीने १६ ऑगस्टला असे झेंडे गोळा करण्याची जबाबदारी आपणहून घ्यावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.