नाव न विचारणारा फोन

(साताऱ्यातील एका व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्षांनी ओळख करून देताना 'डॉक्टरसाहेब आता मोबाइलवर बोलणार आहेत' असं सांगितलं आणि मागच्या रांगेतले दोघे उठून गेले. पोरांनी मोबाइल किती वेळ बघावा यावर आणखी एक कीर्तन, असं त्यांना वाटलं असणार. तसं काही नाही, बसा. फौजेतून निवृत्त झालेला माणूस रात्री दचकून उठतो, गर्दीत त्याचा जीव घाबरा होतो, घरात कुणी जोरात दार लावलं तरी भडकतो. 1980 साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी या आजाराला आपल्या अधिकृत यादीत पीटीएसडी, म्हणजे भयंकर अनुभवानंतर मनावर राहणारा आघात, या नावाने जागा दिली. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचा त्यामागे मोठा रेटा होता. या माणसाला फोनची काय मदत होऊ शकते, हा आजचा विषय. लक्षणं मी मोजून दाखवत नाही. निम्मं सभागृह फौजी आहे, माझ्यापेक्षा तुम्हीच नीट सांगाल.

पण त्याआधी 'शेप'. फौजींना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. सैन्यात वैद्यकीय तपासणीची जी श्रेणी असते त्यात पहिलंच अक्षर 'एस', आणि ते मनाचं. शेप-वन असलात तर सगळं ठीक. कॅटेगरी, म्हणजे त्याखालची श्रेणी, लागली की प्रमोशनला खोडा. म्हणून आमचा जवान डॉक्टरसमोर एकच वाक्य बोलायला शिकतो, 'सब ठीक है साहब'. मी वर्दीत असताना ते रोज ऐकलंय. जितकं खणखणीत, तितकी मला जास्त काळजी. हा माणूस पेन्शनवर येतो तेव्हा कॅटेगरी संपते, पण वाक्य तसंच राहतं. बायको विचारते तेव्हाही तेच, फक्त 'साहब' गळतो. (हशा) वहिनी हसतायत म्हणजे खरं आहे.

कोरेगावकडचे एक हवालदार होते. त्यांच्या मुलाने प्रेमाने त्यांच्या फोनवर मन शांत करणारं एक ॲप टाकून दिलं. कुणाचं ते विचारू नका. मुलगा हिंजवडीत नोकरीला, त्यामुळे सगळं व्यवस्थित केलं. खातं उघडलं, पासवर्ड ठेवला आणि नंबर स्वतःचा दिला, कारण आबांना ओटीपी जमत नाही. एका रात्री आबा घामाने ओले होऊन उठले आणि ओट्यावर जाऊन बसले. ॲप उघडलं. त्याने पासवर्ड मागितला. तो आठवेना. मग ट्रॅफिक सिग्नल असलेली चौकटं निवडा म्हणालं. आता ज्यांच्या वाडीत सिग्नलच नाही त्यांनी कुठून निवडायची? तरी निवडली. मग ओटीपी, आणि तो गेला हिंजवडीला! मुलगा धडपडून उठला. 'आबा, छातीत दुखतंय का?' त्याने चुलत्याला फोन लावला, चुलत्याने शेजाऱ्याला. थोड्याच वेळात अंगणात बॅटऱ्या घेऊन माणसं, आणि एकाने तर जीपसुद्धा काढलेली. हवालदारांनी सगळ्यांना सांगितलं, पित्त झालंय. तेव्हापासून वाडी त्यांना आमसुलाचं सार पाठवतेय. ॲप त्यांनी त्याच रात्री काढून टाकलं. हे मला त्यांच्या पत्नीने सांगितलं. ते स्वतः माझ्यासमोर अजून पित्तावरच आहेत.

म्हणून माझा हट्ट एवढाच आहे, की सैनिकासाठीच्या ॲपने नाव विचारू नये. अमेरिकेच्या माजी सैनिक विभागाने आणि तिथल्या संरक्षण खात्याने मिळून 2011 मध्ये 'पीटीएसडी कोच' काढलं. फुकट आहे. खातं उघडावं लागत नाही, लॉगिन नाही. उघडलं की विचारतं, त्रास कसला? झोप नाही, राग, जुनी आठवण उफाळली? मग शून्य ते दहापैकी त्रास किती ते बोटाने सरकवून दाखवायचं. ते एखादा उपाय देतं. श्वास असा घ्या, आत्ता खोलीत दिसणाऱ्या वस्तूंकडे लक्ष द्या, असं काहीतरी. झाल्यावर पुन्हा आकडा विचारतं. आठाचा सहा झाला तर ते तुम्हालाच दिसतं. आवडला नाही तर अंगठा खाली करा, दुसरा उपाय येतो. घरच्यांचे फोटो, आवडती गाणी आत टाकून ठेवता येतात. म्हणजे 'सब ठीक है' म्हणायची गरजच नाही, कारण समोर साहेबच नाही.

हं, चिठ्ठी आली. पाच मिनिटं. आणि खरा विषय, फोन काय करू शकतो आणि काय नाही, तो तर आता सुरू होतोय!

तर पटापट. इराकहून परतलेल्या एका अमेरिकन सैनिकाच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलाने वडिलांच्या दुःस्वप्नांवर तोडगा म्हणून मनगटी घड्याळाची युक्ती काढली. दुःस्वप्न सुरू झालं की घड्याळ हलकेच थरथरतं, माणूस जागा न होता स्वप्न मोडतं. 2020 मध्ये तिथल्या सरकारी यंत्रणेने ते उपकरण मंजूर केलं, तेही डॉक्टरच्या चिठ्ठीवरच.

दुसरं. 'कोच'ची चाचणी 2017 मध्ये 120 जणांवर झाली. ते सामान्य नागरिक होते, फौजी नव्हेत. ॲप वापरणाऱ्यांना, ॲप न देता नुसतं थांबायला सांगितलेल्यांपेक्षा जास्त सुधारणा जाणवली, पण शेवटी दोन्ही गटांच्या सरासरीत ठोस अंतर उरलं नाही. फार नाचू नका, एवढंच. त्याआधी 2016 मध्ये वीस माजी सैनिकांवर छोटा प्रयोग झाला. नुसतं ॲप हातात दिलेल्यांपेक्षा ज्यांच्यासोबत समजावणारा माणूस होता, त्यांच्यातल्या जास्त जणांना फरक पडला. तेव्हा ॲप म्हणजे उपचार नव्हे. दारू वाढली असेल, जीव द्यायचे विचार येत असतील, तर ॲप बाजूला ठेवायचं आणि माणसाशी बोलायचं.

तो माणूस आपल्याकडे फोनवर आहे. 14416, टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. ऑक्टोबर 2022 पासून, चोवीस तास, मराठीतही. सैन्यदलांसाठी त्याचा खास कक्ष डिसेंबर 2023 मध्ये पुण्यात एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, सुरू झाला. वहिनींनो, नंबर तुमच्या फोनमध्ये घ्या. यांच्या फोनमध्ये तो 'पित्ताचे डॉक्टर' म्हणून ठेवा, हरकत नाही.

आणि मराठीत बोलून सांगणारं, लॉगिन न मागणारं ॲप कुणी करणार असेल तर मजकूर मी लिहून देतो, पैसे न घेता. इंजिनिअर मुलं असतील सभागृहात. चहाला भेटा.