कंदील कुणी आणायचा?

(कोल्हापुरातल्या हौशी नाट्यसंस्थांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

नमस्कार मंडळी. तीस वर्षं रंगमंचाच्या कडेला, विंगेत उभा राहिलेला माणूस आहे मी. प्रेक्षकांकडं तोंड करून बोलायची सवय नाही, जरा सांभाळून घ्या.

कंदिलापासून सुरुवात करतो. स्पर्धेचा प्रयोग होता. दुसऱ्या अंकात वाड्यातली वीज जाते, सून कंदील घेऊन येते आणि त्या उजेडात सासऱ्याला पत्र वाचून दाखवते. सगळं नाटक त्या पत्रावर. ब्लॅकआउट झाला, आमची सून विंगेत आली, टेबलावर हात फिरवतीय, कंदील नाही. मी प्रॉपर्टीवाल्याकडं, म्हणजे नटांच्या हातात लागणाऱ्या वस्तू सांभाळणाऱ्याकडं बघतोय, तो नेपथ्यवाल्याकडं, नेपथ्यवाला दिग्दर्शकाकडं. आणि कंदील होता बरं का! गंगावेशीतल्या एका घरी, काच धुऊन, वात कापून तयार ठेवलेला. ज्यांच्या घरचा त्यांना वाटलं, प्रॉपर्टीवाला येऊन घेऊन जाईल. प्रॉपर्टीवाल्याला वाटलं, घरचा कंदील आहे, तेच आणतील. नेपथ्यवाल्याचं म्हणणं, कंदील खुंटीला टांगला असता तर माझा. हातात धरून फिरतात म्हणजे तो नेपथ्यात येत नाही. हसू नका, त्याचं बरोबर होतं.

पोरगी तशीच अंधारात गेली. सासऱ्याचं काम करणारा नट म्हणजे जुनं खोड. म्हणाला, "दिव्याची वाट कशाला बघतीस? पत्र पाठ झालं असेल तुला आत्तापर्यंत." हे वाक्य संहितेत कुठंच नव्हतं. पदरचं घातलं आणि प्रवेश वाचवला.

पुढचा प्रवेश मात्र रात्री दूध कट्ट्यावर झाला. हातात दुधाचे ग्लास आणि सगळे तुटून पडले त्या प्रॉपर्टीच्या पोरावर. हा पोरगा शिरोलीत फौंड्रीत कामाला. पहिली पाळी सुटली की अंघोळ करून थेट तालमीला यायचा. तो एवढंच म्हणाला, "मला कुणी सांगितलंच न्हवतं." त्यावर मी म्हणालो, "सांगायला कशाला पाहिजे? कळत नाही?"

पोरगा परत आला नाही. आज मला विचाराल तर त्या रात्री चूक एकाचीच झाली होती आणि ती माझी. कारण व्यवस्था माझ्याकडं होती. म्हणजे, माझ्याकडं आहे असं मी धरून चाललो होतो. तेही कुणी सांगितलं नव्हतंच!

आता हे असं का होतं? आपल्या गावात 'तालमीला जातो' म्हटलं तर घरचे विचारतात, लाल मातीतल्या की नाटकाच्या? शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर बांधलं, १९१५ साली ते सुरू झालं, आणि शेजारीच खासबागचं कुस्तीचं मैदान. शब्द दोन्हीकडं एकच, पण वस्ताद आपण नाही घेतला. तालमीत वस्ताद सांगेल त्याच्याशी लढायचं आणि सांगेल तेव्हा आखाडा खणायचा. विषय संपला. आपण मात्र नाटक पेठेतल्या गणपती मंडळासारखं चालवतो. मंडळात सगळ्यांना एकच हुद्दा, कार्यकर्ता. कोण मांडव घालतोय, कोण वर्गणीला जातोय, कोण नुसताच खुर्चीत बसून 'तो बांबू डावीकडं घे' म्हणतोय. मंडळात ते खपतं, कारण बांबू दहा मिनिटं उशिरा उभा राहिला तर बिघडत नाही. नाटकात तिसरी घंटा कुणासाठी थांबत नाही.

जुन्या संगीत नाटक कंपन्यांत हा घोळ कमी असणार, असं मला वाटतं. गायक नट केशवराव भोसल्यांनी १९०८ साली ललितकलादर्श ही नाटक कंपनी काढली, तेव्हा त्यांचं वय अठराच्या आसपास. अशा कंपनीत मालक कोण, मॅनेजर कोण, कपडेपट कुणाकडं, पडदे कुणाकडं हे ठरलेलं असायचं, कारण त्या त्या कामाचा पगार होता. पगार ही मोठी सोयीची गोष्ट. काय करायचं ते पगार सांगतो आणि टीका झाली तर गिळायचीही ताकद देतो. आपण हौशी मंडळींनी कंपन्यांकडून तिसरी घंटा घेतली, नारळ घेतला, नांदी घेतली. पगार घेणं शक्य नव्हतं. पण पगाराबरोबर येणारी स्पष्टता तरी घ्यायची! तीही राहिली.

मग आम्ही कागद सुरू केला. 'प्रॉपर्टी – अमुक, नेपथ्य – तमुक' असा कागद तुमच्याकडंही असेल. त्याचा उपयोग नाही, कंदील त्या दोन ओळींच्या मधल्या फटीतच पडतो. आमचा कागद वस्तूवार असतो. कंदील: कुणाच्या घरचा, कोण आणणार, कुठल्या दिवशी, कुठल्या बाजूच्या विंगेत ठेवणार, नटीच्या हातात कोण देणार, आणि प्रयोगानंतर परत कोण पोचवणार. हा शेवटचा रकाना सगळ्यात महागाचा. वस्तू परत गेली नाही की पुढच्या वर्षी ते घर काही देत नाही. एका वहिनींचं पितळी तबक आमच्याकडून गहाळ झालं. त्या अजून रस्त्यात भेटल्या की आधी तबकाचं विचारतात, मग माझ्या गुडघ्याचं.

त्या कागदावर 'मदत' हा शब्द लिहायचा नाही. 'मी लाइटला मदत करतो' म्हणणारा माणूस प्रत्यक्षात कुठंच नसतो. उजेड कमी-जास्त करायच्या डिमरवर बोटं कुणाची, दुसऱ्या माणसानं नेमकं काय धरायचं, हे लिहा. आणखी एक, यावर दिग्दर्शक मंडळी नाराज होतील. तिसरी घंटा झाली की दिग्दर्शकाला काम नाही. त्यानं प्रेक्षकांत जाऊन बसावं. तेव्हापासून पडदा पडेपर्यंत शब्द चालणार रंगमंच व्यवस्था बघणाऱ्याचा. मागं दोन तोंडं झाली की लाइटवाला कुणाचं ऐकणार?

हे झालं कामाचं. टीकेचं सांगतो, कारण भांडणं तिथंच होतात.

आमच्याकडं पडदा ओढायला एक काका होते, एस.टी.तून निवृत्त झालेले. एकदा चहाच्या वेळी म्हणाले, "तिसरा अंक लांबलाय. लोक चुळबुळत्यात." दिग्दर्शक तरुण, नुकताच कुठल्याशा शिबिरातून शिकून आलेला. तो म्हणाला, "काका, तुम्ही पडद्याचं बघा." काका गप्प. पुढचे पंधरा दिवस वेळेवर आले, पडदा चोख ओढला, अक्षर बोलले नाहीत. मला तेव्हा वाटलं, बरं झालं, कटकट मिटली.

पुढच्या प्रयोगाला मी काकांच्या शेजारी उभा होतो. तिसऱ्या अंकात त्यांनी मला दंडाला धरून पडद्याच्या कडेच्या फटीशी नेलं. मागच्या चार ओळी उठायला लागल्या होत्या. अहो, विंगेत असून प्रेक्षक बघायला मिळणारा आमच्यातला तो एकच माणूस! नट उजेडात असतो, त्याला समोर काळोख. लाइटवाल्याचं लक्ष नटावर. दिग्दर्शक आपल्याच नाटकाच्या प्रेमात. काकांनी आगाऊपणा केला नव्हता, त्यांच्या जागेवरून दिसलं ते सांगितलं होतं. अंक कापायचा की नाही, कुठून कापायचा, हे दिग्दर्शकाचं. ते काकांनी सांगितलंही नव्हतं. तेव्हापासून आमच्यात एवढं पक्कं झालं, दिसलं ते कुणीही सांगावं, त्यावर करायचं काय ते ज्याचं काम त्यानं ठरवावं. कागद नसेल तर मात्र हे जमत नाही. कुणाचं काम काय हेच माहीत नसलं तर प्रत्येक सूचना घुसखोरी वाटते.

सांगायचं कुणाला, तेही ठरवून टाकलंय. दिग्दर्शकाला नाही, त्याचं डोकं आधीच तापलेलं असतं. कपडेपट सांभाळणाऱ्या ताई आहेत, त्यांच्याकडं एक वही. तक्रार, सूचना, शिव्या, सगळं त्या ऐकून घेतात, ज्याचं काम त्याला विचारतात आणि पुढच्या तालमीच्या आत उत्तर देतात. 'नाही' हेसुद्धा उत्तर, पण का नाही ते सांगून. फुकट राबणाऱ्याला नकार सोसतो, बेदखल केलेलं सोसत नाही. आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टीका बंद. रात्री बाराला टाकलेल्या एका अंगठ्यावरून आमच्यात दोन तट पडलेत, ते पुराण आज नको.

कधी टीका एकीकडं असते आणि दुखणं भलतीकडं. एकजण महिनाभर चहाला नावं ठेवत होता. ताईंनी खोदून विचारलं तेव्हा कळलं, प्रयोगाआधी नावं वाचतात त्यात याचं नाव दोनदा राहिलं होतं. स्पर्धेत नेपथ्याला बक्षीस असतं, प्रकाशयोजनेला असतं, रंगभूषेला असतं. पडदा ओढणाऱ्याला आणि कंदील देणाऱ्याला ते एक नाव माइकवरून ऐकू येतं, तेवढंच. तेवढं तरी नीट वाचा.

आणि काम बिघडवणाऱ्याला बोलायचं कसं? एकट्याला गाठून, दोन दिवसांच्या आत, आणि कंदिलाबद्दल बोलायचं, त्याच्या अकलेबद्दल नाही. दूध कट्ट्यावर तर मुळीच नाही.

गेल्याच महिन्यातली गोष्ट सांगतो आणि थांबतो. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असलेली एक मुलगी आमच्याकडं संगीत वाजवते, नटाचं ठरलेलं वाक्य, म्हणजे क्यू, ऐकून. तिनं ताईंच्या वहीत लिहिलं, 'सर विंगेत उभं राहून नटांच्या आधी संवाद पुटपुटतात. माझा क्यू चुकतो.' ताईंनी वही माझ्यापुढं धरली. मी म्हणालो, तीस वर्षं उभा आहे इथं, कालची पोरगी मला सांगणार? ताई काही बोलल्या नाहीत. भिंतीवरच्या कागदाकडं त्यांनी नुसती मान वळवली. 'विंगेतली शांतता', आणि पुढं माझंच नाव, माझ्याच अक्षरात.

आता प्रयोग चालू असताना मी रंगपटात बसतो. तिथून नाटक दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. तिचा क्यू परवा एकदम बरोबर पडला.