ट्रिगरपासून मातीपर्यंत : रेसिंग बग्गीची मोटर, ब्रेक आणि सेटअप

[दृश्य : स्लो मोशन. मातीच्या उंचवट्यावरून उडालेली बग्गी हवेत.]

रिमोटवर चालणारी ही छोटी बग्गी या क्षणी कुठेच टेकलेली नाही. वजन साधारण दीड किलो, लांबी सव्वा फुटाच्या आसपास. तिचा चालक ट्रॅकच्या कडेला मचाणावर उभा आहे. बग्गीचं नाक खाली झुकू लागलंय. अशीच उतरली तर पुढची चाकं धरणारे आर्म आधी आपटतील. चालकाचं बोट हातातल्या रिमोटच्या ट्रिगरवर किंचित आवळतं, मागची चाकं हवेतच गरगरतात, आणि नाक पुन्हा वर येतं.

यामागे कोनीय संवेगाचा नियम आहे. मागची चाकं पुढच्या दिशेने वेग घेतात तेव्हा बाकीची गाडी उलट्या दिशेने वळू पाहते, म्हणून नाक उचललं जातं. ब्रेक लावला की चाकांचं फिरणं गाडीत उतरतं आणि नाक खाली जातं. हवेत स्प्रिंग आणि शॉक, म्हणजे धक्के शोषणाऱ्या नळ्या, काही करू शकत नाहीत. तिथे गाडीचा तोल मोटर सांभाळते. आणि जमिनीवर आल्यावरही मोटरचं हे काम थांबत नाही. ट्रिगर ओढला की वजन मागच्या चाकांवर जातं, सोडला की पुढे येतं. म्हणून मोटर आणि तिला किती वीज द्यायची ते ठरवणारा ईएससी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोल, निवडताना आपण गाडीच्या सस्पेन्शनचाच एक भाग निवडत असतो. आजच्या फिल्ममधली प्रत्येक निवड आपण याच नजरेने बघणार आहोत. आपली गाडी आहे १:१० मापाची, म्हणजे खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्शाएवढी, फक्त मागची चाकं ओढणारी, विजेवरची रेसिंग बग्गी.

[दृश्य : जुन्या बग्ग्यांची छायाचित्रं.]

जपानच्या टामिया कंपनीची रफ रायडर १९७९ मध्ये आली. त्या काळातल्या बग्ग्यांमध्ये ईएससी नसायचा. एक सर्व्हो, म्हणजे रिमोटच्या हुकमाने ठराविक कोनात वळणारी छोटी मोटर, धातूचं पातं सरकवायचा, पातं रेझिस्टरच्या टप्प्यांवरून फिरायचं, आणि मोटरला दोन-तीनच वेग मिळायचे. कमी वेगात बॅटरीतली बरीच ऊर्जा त्या रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन जायची. १९८४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या टीम असोसिएटेडने आरसी१० आणली. रॉजर कर्टिस यांनी रचलेली ही गाडी, सोनेरी ॲल्युमिनियमची चासी आणि तेलाने भरलेले शॉक घेऊन आली. घरच्या टेबलावर बसून गाडीचा स्वभाव बदलता येतो, हे या गाडीने अनेकांना दाखवलं. पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, कॅलिफोर्नियातच डेल मार इथे या मापाच्या विजेवरच्या बग्ग्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली.

मोटरचा प्रतिसाद मात्र तेव्हा ढोबळच होता. तो बारकाईने जुळवता येऊ लागला पुढे, आधी इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलमुळे आणि मग ब्रशलेस, म्हणजे घासणारे ब्रश नसलेल्या, मोटरमुळे.

[दृश्य : टेबलावर दोन मोटरी, बाजूला पिनियन गिअरची रांग.]

मोटरवर लिहिलेला आकडा असतो टर्नचा, म्हणजे तारेच्या वेढ्यांचा. वेढे कमी म्हणजे तार जाड, रोध कमी, फेरे जास्त. १७.५ टर्नची मोटर स्पर्धेच्या स्टॉक, म्हणजे मर्यादित ताकदीच्या, वर्गात चालते. मोकळीक असलेल्या मॉडिफाइड वर्गात ७.५ किंवा त्याहून कमी टर्नच्या मोटरी दिसतात. नवा माणूस दुकानात जाऊन सगळ्यात कमी टर्नची मोटर मागतो. ती मोटर मोकळ्या मातीवर करते काय? चाकं जागच्या जागी फिरतात आणि गाडी वळणातून मागून निसटते. मागच्या दोन टायरना जेवढी पकड आहे त्यापलीकडची ताकद ही फक्त धूळ उडवते. पहिल्या बग्गीसाठी १७.५ घ्या, हे माझं ठाम मत आहे. ही मोटर चालकाला वळणात वेग टिकवायला शिकवते, कारण गमावलेला वेग ती पटकन परत देत नाही.

तिची खरी ताकद बाहेर येते गिअरमधून. एक उदाहरण घेऊ. मोठा स्पर गिअर ७२ दात्यांचा, मोटरवरचा पिनियन ३० दात्यांचा. ७२ भागिले ३० म्हणजे २.४. गिअरबॉक्सचं आतलं गुणोत्तर २.६ धरलं तर एकूण ६.२४. मोटर सव्वासहा वेळा फिरते तेव्हा चाक एकदा फिरतं. मागच्या टायरचा परीघ साधारण २६ सेंटिमीटर असतो, म्हणजे मोटरच्या एका फेऱ्यात गाडी सुमारे चार सेंटिमीटर पुढे सरकते. पिनियनचा एक दाता वाढवला की हे अंतर तीन टक्क्यांहून थोडं जास्त वाढतं. लांब सरळ रस्त्यावर ते हवंसं वाटतं. पण मोटरवर भार वाढतो, ती तापते, आणि वळणातून बाहेर पडताना सुस्तावते.

म्हणून पिनियन बदलल्यावर थर्मामीटर जवळ हवाच. चार-पाच मिनिटं गाडी चालवा आणि थांबल्या थांबल्या मोटरचं तापमान बघा. सत्तर अंशांच्या आसपास असेल तर ठीक. ऐंशीच्या पुढे सरकत असेल तर एक-दोन दाते कमी करा. मोटरच्या आतल्या रोटरमध्ये निओडिमियमचं चुंबक असतं, आणि अति तापलं की त्याची शक्ती कायमची घटते. थंड झाल्यावर ती परत येत नाही. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे गाडी चालवणाऱ्याने जानेवारीतला पिनियन तसाच ठेवू नये.

[दृश्य : मोटर आणि ईएससीला जोडणारी बारीक सेन्सर वायर.]

ही बारीक वायर दिसते क्षुल्लक. मोटरच्या आतले तीन हॉल सेन्सर रोटर नेमका कुठे आहे ते या वायरमधून ईएससीला सांगतात. सेन्सर नसलेली मोटर फिरू लागल्यावर छान चालते, पण अगदी कमी वेगात ती अडखळते, झटके देते. रेसिंग बग्गीचं कसब नेमकं तिथेच लागतं. अरुंद वळण, भुसभुशीत माती, गाडी जवळजवळ थांबलेली, आणि मागच्या चाकांना अलगद ताकद द्यायची आहे. त्यामुळे सेन्सरवाली मोटर आणि तिला जुळणारा ईएससी, यात काटकसर नको.

[दृश्य : स्टिअरिंग सर्व्होचा जवळून घेतलेला शॉट. चाकं डावी-उजवी.]

आणि आता ज्याच्याकडे सगळ्यात शेवटी लक्ष जातं तो, पुढची चाकं वळवणारा सर्व्हो. माझ्या मते मोटरपेक्षा इथे पैसे घालावेत. बग्गीसाठी साठ अंशांचं वळण ०.१० सेकंदाच्या आत पूर्ण करणारा डिजिटल सर्व्हो घ्यावा. पण वेगाच्या आकड्याहून महत्त्वाचं आहे त्याचं मध्यावर परत येणं. चालकाने रिमोटवरचं स्टिअरिंगचं चाक सोडलं की सर्व्हो दर वेळी त्याच बिंदूवर यायला हवा. तो कधी केसभर डावीकडे, कधी केसभर उजवीकडे थांबत असेल, तर सरळ रस्त्यावरही चालकाला गाडी सतत दुरुस्त करत राहावी लागते. मग दोष टायरला दिला जातो, स्प्रिंगला दिला जातो, महिना महिना सेटअप बदलला जातो.

सर्व्होचा आर्म घेताना दाते मोजा. काही कंपन्या २५ दात्यांचा शाफ्ट देतात, काही २३ किंवा २४. चुकीचा आर्म दाबून बसवला की तो हळूहळू सैल होतो.

ताकदवान सर्व्हो जोरात वळतो तेव्हा वीजही जोरात ओढतो. ही वीज येते ईएससीमधल्या बीईसीमधून, म्हणजे बॅटरीचं व्होल्टेज उतरवून देणाऱ्या भागातून, आणि रिमोटचे संदेश घेणारा रिसीव्हरही त्यावरच जगतो. बीईसी कमी पडला की व्होल्टेज क्षणभर कोसळतं, रिसीव्हर बंद होऊन पुन्हा सुरू होतो, आणि गाडी तेवढा वेळ कुणाचंच ऐकत नाही. लोक म्हणतात, रेंज गेली. रेंज बहुतेक वेळा शाबूत असते. सर्व्होला किती व्होल्ट चालतात, बीईसी किती देतो, हे दोन आकडे विकत घेण्याआधीच शेजारी शेजारी लिहून बघा.

[दृश्य : चासीत बॅटरी पुढे, मग मागे सरकवताना.]

बॅटरी दोन सेलची लायपो (लिथियम पॉलिमर), कठीण कवचाची, शॉर्टी म्हणजे आखूड मापाची. ७.४ व्होल्ट हा तिचा नाममात्र आकडा. पूर्ण भरल्यावर ८.४. तिचं वजन दोनशे ग्रॅमच्या वर असतं, म्हणजे गाडीच्या वजनाचा जवळजवळ सातवा हिस्सा, आणि तो आपल्याला पुढे-मागे सरकवता येतो. बैलगाडीत माल मागे जास्त झाला की ती उलाळ होते, पुढे जास्त झाला की धुरेजड, बग्गीचंही तसंच. बॅटरी मागे घेतली की सुट्या मातीत मागची पकड वाढते, पण पुढची चाकं हलकी होऊन गाडी वळायला कुरकुरते. मोटर मागच्या ॲक्सलच्या पाठीमागे असलेल्या बग्ग्या मोकळ्या मातीत अजूनही गोडीने चालतात. कार्पेट किंवा कृत्रिम गवतावर, जिथे पकड भरपूर, तिथे मोटर ॲक्सलच्या पुढे असलेली मांडणी रूढ झाली आहे.

लायपोबद्दल एवढं पाळाच. चार्जिंग बॅलन्स पद्धतीने, म्हणजे दोन्ही सेल सारखे भरत, आणि डोळ्यांदेखत. काही दिवस वापरायची नसेल तर दर सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवा. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्जरला लावायची नाही. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत बॅटरी विसरायची नाही.

[दृश्य : ईएससीची सेटिंग दाखवणारा मोबाइल, मागे ट्रॅक.]

आता या फिल्मचा गाभा. ईएससीमध्ये ड्रॅग ब्रेक नावाची एक सेटिंग असते. ट्रिगर मोकळा सोडला की मोटर आपोआप थोडा ब्रेक लावते. किती, ते टक्क्यांत ठरवायचं. आपल्या बग्गीला ब्रेक फक्त मागच्या चाकांना आहे. म्हणजे वळणात शिरताना ट्रिगर सोडताक्षणी दोन गोष्टी एकदम घडतात. वजन पुढे येतं, त्यामुळे पुढची चाकं माती पकडतात. आणि मागची चाकं हलकी झालेली असतानाच त्यांच्यावर ब्रेक लागतो.

पकड असलेल्या ट्रॅकवर हे वरदान आहे, गाडी नाक आत घालून वळते. मुरमाच्या मैदानावर, वर बारीक सुटी धूळ असताना, तोच आकडा गाडीला गर्रकन फिरवतो. आणि इथे नेहमीची गफलत होते. गाडी वळणात शिरताना मागून सुटली की लोक मागची स्प्रिंग मऊ करतात, ऑइल बदलतात, टायर बदलतात. आधी ड्रॅग ब्रेक शून्यावर आणा आणि दोन फेऱ्या मारा. गाडी शांत झाली तर शॉकला हात लावायचं कारणच उरलं नाही.

उलट बाजूला पंच नावाची सेटिंग. ट्रिगर ओढल्यावर ताकद किती झटकन यावी, ते ही ठरवते. गाडी वळणातून बाहेर पडताना मागून घसरत असेल तर पंच कमी करून बघा. गाडी नेमकी कधी सुटते, शिरताना की निघताना, हे ओळखणं म्हणजे निम्मं निदान.

[दृश्य : मुरमाचं मैदान. टायरच्या काट्यांचा क्लोज-अप.]

यानंतर माती. टायर सगळ्यात आधी, कारण चुकीच्या टायरवर केलेला कुठलाही बदल खोटं उत्तर देतो. सुट्या मातीला उंच, विरळ काटे. घट्ट, झाडलेल्या मुरमाला आखूड, दाट काटे. आतला फोम रिंगणात नीट बसलाय का, हे दाबून बघा.

मग उंची. गाडी हातभर वरून सोडा, बसू द्या आणि चासी जमिनीपासून किती वर राहते ते मोजा. बावीस मिलिमीटरपासून सुरुवात करता येते. खाचखळगे असतील तर थोडी जास्त. मागच्या चाकांना तीन अंश टो-इन, म्हणजे चाकांची पुढची कड आत वळलेली. कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, सगळीकडे उणे एक अंश, वरची कड आत. हे काही अंतिम आकडे नाहीत, पण इथून सुरू केलं तर गाडी निदान सरळ धावते.

शॉकमधलं सिलिकॉन ऑइल उन्हाने पातळ होतं. पहाटे ३५० सीएसटीच्या (हे तेलाच्या दाटपणाचं माप) ऑइलवर सुरेख बसणारी गाडी दुपारी चाळीस अंशांत उड्यांनंतर डोलू लागते, आणि तेव्हा ४०० भरावं लागतं. उडीवरून उतरताना चासी दणकन आपटत असेल तर ऑइल जाड करा किंवा पिस्टनची भोकं लहान करा. पण भोकं फार लहान झाली की वेगाने आलेल्या धक्क्याला तेल वाटच देत नाही, शॉक कडक होतो आणि बारीक खडबडीत भागावर टायर मातीवरून उडत राहतात.

स्लिपर क्लच, म्हणजे जास्त जोर आला की घसरणारा क्लच, तपासायची जुनी रीत अजून चालते. मागची दोन्ही चाकं हाताने घट्ट धरा आणि हलकेच ट्रिगर ओढा. पुढची बाजू किंचित उचलली जाऊन मग स्लिपर घसरला तर ठीक. अजिबात उचलली नाही तर तो सैल आहे. मोटर जोरात फिरत असताना बग्गी जमिनीवर आदळते, तो धक्का याच क्लचने पचवायचा असतो, नाहीतर डिफचे, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या डिफरन्शियलचे, भाग झिजतात.

[दृश्य : कागदी सेटअप शीट, पेन्सिलने भरलेले आकडे, शेजारी लॅप टाइम.]

बदल करताना एका वेळी एकच. भरलेली बॅटरी, तोच चालक, पाच मिनिटांची फेरी. सगळ्यात वेगवान लॅपला भुलू नका. शेवटच्या दहा लॅपची सरासरी काढा आणि त्यातला सगळ्यात संथ लॅप बघा. चांगला सेटअप दुसऱ्या आकड्यात लवकर दिसतो, कारण गाडी सुटण्याचे, उलटण्याचे प्रसंग तिथे मोजले जातात.

शीटवर स्प्रिंग आणि ऑइलच्या रकान्यांशेजारीच ड्रॅग ब्रेक, पंच, पिनियन, मोटरचं तापमान आणि त्या वेळचं हवेचं तापमान लिहा. पुढच्या रविवारी त्याच मैदानावर सकाळी दव असेल, दुपारी धूळ असेल. पिनियन तीसवरून एकोणतीस करायचा की ड्रॅग ब्रेक चार टक्क्यांवरून दोनवर आणायचा, हे तेव्हा या शीटवरून ठरवता येईल.