उताराचा हिशोब

(दृश्य: पहाटेचा अंधार. सिंहगडाच्या चढणीवर हेडटॉर्चची रांग.)

सिंहगड, राजगड, तोरणा. ट्रेकर मंडळी या वाटेला कित्येक वर्षं एसआरटी म्हणतात. पाठीवर सॅक, पूर्वी राजगडावर पद्मावतीच्या देवळात मुक्काम, दोन-तीन दिवसांची भटकंती. २०१८पासून याच डोंगरांत डिसेंबरात एसआरटी अल्ट्रा ही लांब पल्ल्याची धावण्याची शर्यत होते. तिच्यातलं ५३ किलोमीटरचं अंतर एकाच दिवसात संपवायचं असतं. मला तेच धावायचं होतं.

तिन्ही किल्ले समुद्रसपाटीपासून साधारण १,३०० ते १,४०० मीटर उंच. सिंहगड चढायचा, मग थेट खालच्या गावांपर्यंत उतरायचं, राजगडासाठी पुन्हा पहिल्यापासून चढायचं. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आधी चढणी येतात. माझ्या डोळ्यांपुढे तीन उतार होते. सिंहगडाच्या कल्याण दरवाजाचा, राजगडाच्या संजीवनी माचीचा, आणि शेवटी तोरण्याचा.

(दृश्य: पावसाळी वाट, शेवाळलेले दगड.)

भर पावसाळ्यात एका ओल्या दगडावर माझं उजवं पाऊल आत वळलं. घोट्याच्या बाहेरच्या बाजूचा अस्थिबंध, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारा पट्टा, अर्धवट फाटला. स्नायूला रक्तपुरवठा भरपूर असतो, तो लवकर भरून येतो. अस्थिबंधाला रक्त कमी मिळतं. सूज ओसरते, दुखणं थांबतं, माणूस चालायला लागतो, आणि आतली दुरुस्ती मात्र पुढे कित्येक महिने सुरूच असते. शिवाय पाऊल कुठे आणि किती कललंय, ही खबर मेंदूला देणारी यंत्रणाही त्याच जागी असते, तीही दुखावते. घरी करून बघा: डोळे मिटून एका पायावर उभे राहा. दुखावलेला पाय लगेच लटपटतो.

डिसेंबर जवळ आला तेव्हा माझ्याकडे दम होता. सायकल होती, पोहणं होतं, पुण्यातल्या पर्वतीच्या १०३ पायऱ्या होत्या. पुढे वेताळ टेकडी आली, मग आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड. पण एसआरटीआधी अनेक जण स्वतःची परीक्षा घेतात ती के टू एस, म्हणजे कात्रजच्या जुन्या बोगद्यापासून सिंहगडापर्यंत टेकड्यांमागून टेकड्या, ती माझ्या तयारीत बसलीच नाही. लांब पल्ल्याचे रविवारही नव्हते.

मग शर्यतीत उतरायचं तरी कशाला, असं खूप जणांनी प्रेमाने विचारलं. मला तो प्रश्न पटत नव्हता. दुखापतीतून उठलेल्या माणसाला पूर्ण तयारीचा दिवस कधी मिळतो? पूर्ण तयारीची वाट बघत अनेक चांगले धावणारे डोंगरापासून कायमचे तुटतात, हे मी जवळून पाहिलंय. मला डोंगरात जायचं होतं. प्रश्न एवढाच होता की कोणत्या अटींवर.

काही जण दुसऱ्या टोकाचं सांगायचे. डोंगरांत धावणाऱ्या नावाजलेल्या किलियन जोर्नेटची गोष्ट. २०१७ साली कोलोरॅडोतल्या हार्डरॉक या १०० मैलांच्या शर्यतीत त्याचा खांदा निखळला. त्याने तो जागेवर बसवला, हात झोळीत बांधला आणि शर्यत जिंकली. गोष्ट खरी आहे आणि थरारक आहे. पण किलियन त्या दिवशी पूर्ण तयारीचा होता, आणि खांद्यावर कुणी उतार उतरत नाही. माझं दुखणं होतं ते नेमकं जमिनीवर टेकायच्या सांध्यात.

(दृश्य: बैठकीच्या खोलीत एका पायावर उड्या. घोट्यावर पट्टी.)

फिजिओथेरपिस्ट मॅडमनी मला शर्यतीला जाऊ नका असं सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, "कुठे थांबायचं ते इथे खुर्चीत बसून ठरवा. डोंगरावर, दहा तासांनंतर, तुमचं डोकं तुमचं राहणार नाही."

म्हणून नियम कागदावर लिहिले. वाटेतल्या खाण्यापिण्याच्या प्रत्येक टेबलापाशी उजव्या पायावर १० उड्या. एकसारख्या झाल्या तर पुढे जायचं, नाहीतर छातीवरचा नंबर काढून द्यायचा, म्हणजे शर्यत सोडायची. लंगडायला लागले तर दुखत असो वा नसो, थांबायचं. आणि वाटेत वेदनाशामक गोळी नाही.

गोळीबद्दल थोडं थांबून बोलते, कारण आपल्याकडे धावण्याच्या पट्ट्यात चिक्कीसोबत ब्रूफेनची, म्हणजे आयबुप्रोफेनची, पट्टी सर्रास असते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ८० किलोमीटरचा टप्पा धावणाऱ्या काही जणांना आयबुप्रोफेन दिलं होतं आणि काहींना औषध नसलेली, तशीच दिसणारी गोळी. मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या खुणा आयबुप्रोफेन घेतलेल्यांमध्ये जास्त दिसल्या. तासन्‌तास घाम गेलेला असतो, मूत्रपिंडाला रक्त आधीच कमी मिळत असतं, त्यात हे औषध भर घालतं. हा धोका प्रत्येक धावणाऱ्याला. माझ्यासारखीला आणखी एक: गोळी घेतली की घोटा बोलायचाच बंद होतो.

(दृश्य: उजाडतंय. कल्याण दरवाजा. खाली दूरवर गावं.)

सिंहगडाची चढण मी चालत गेले. शेकडो लोक पुढे गेले, जाऊ दिले. गडावर पोचले तेव्हा श्वास शांत होता. पहिली परीक्षा त्यानंतर.

उतारावर शरीरात काय होतं ते सांगते. प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतो आणि त्याच वेळी त्याला आखडून ब्रेक लावायचा असतो. या ओढाताणीत स्नायूचे बारीक तंतू तुटतात. पण उतारावर प्राणवायू कमी लागतो, दम लागत नाही, छाती धडधडत नाही. म्हणजे नासधूस होत असते आणि शरीर इशारा देत नाही. सायकल आणि पोहण्याने हृदय तयार होतं, हे काम करणारा स्नायू तयार होत नाही. तो फक्त उतार उतरूनच तयार होतो. त्यात दिलासा असा की एकदा नीट उतरलं तरी पुढचे काही आठवडे त्याचं थोडंफार संरक्षण राहतं. म्हणूनच शर्यतीआधी मी सिंहगड चढण्यासाठी जात नव्हते, उतरण्यासाठी जात होते.

कल्याण दरवाजाखाली कातळातल्या पायऱ्या, मग मुरूम, मग घसारा. डिसेंबरात गवत वाळलेलं असतं आणि वाटेवरची माती भुकटी झालेली असते, पाय टेकला की सरकतो. पाऊल वळायला लागल्यावर स्नायूंनी सावध व्हायचं म्हटलं तर फार उशीर झालेला असतो. म्हणून पाऊल पडण्याआधीच ते योग्य जागी हवं. छोटी पावलं, भराभर, नजर दोन-तीन पावलं पुढे, दोन्ही हातात काठ्या. खाली गावात पोचले. टेबलापाशी उजव्या पायावर १० उड्या, एकसारख्या.

तिथे मिठातले उकडलेले बटाटे मिळाले. अशी चव मी पूर्वी कुठल्याही बटाट्याला अनुभवली नव्हती.

(दृश्य: रखरखीत ऊन. राजगडाची चढण.)

राजगडाबद्दल मला तटस्थपणे बोलता येत नाही. स्वराज्याची राजधानी पंचवीसएक वर्षं इथे होती. पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तीन माच्या आणि मधोमध बालेकिल्ला. शर्यतीत वर मान करून बघायला वेळ नसतो असं म्हणतात. हळू जाणाऱ्याला असतो, आणि मी पाहिलं. गडावर एका मावशींकडे ताक घेतलं. त्या म्हणाल्या, "बस गं जरा पोरी, पळून कुठं जायचंय?" तोरण्याकडे हात केला, तशा त्या तिकडे बघत राहिल्या आणि पेल्यात आणखी ताक ओतलं.

मग संजीवनी माची. तिच्या लांब तटबंदीवरून अळू दरवाजापाशी जायचं आणि तिथून धारेवर उतरायचं. ट्रेकला पूर्ण ताज्या पायांनी आले तरी हा उतार मी बसत-उठत उतरते. आज पाय ताजे नव्हते. मधोमध कधीतरी डाव्या मांडीने ब्रेक लावणं सोडलं. पाऊल टाकलं की गुडघा स्वतःहून वाकायचा. घोटा शांत होता, जराही दुखत नव्हता.

धार खाली येऊन एका खिंडीत टेकते. तिथून गाडीरस्ता आडवा जातो. पलीकडे तोरण्याची चढण, रडतोंडीचा बुरूज, बुधला माची.

(दृश्य: खिंड. स्थिर कॅमेरा.)

उजव्या पायावर उड्या मारायला घेतल्या. सहा नीट झाल्या. सातव्या उडीला टाच उचललीच नाही. पोटरी संपली होती. थोडं थांबून पुन्हा बघितलं, पुन्हा तेच.

नियम घोट्यासाठी केला होता आणि घोटा बरा होता. स्वयंसेवक पोरगा म्हणाला, "ताई, कटऑफची वेळमर्यादा अजून लांब आहे. चढ तर तुम्ही आरामात जाल." त्याचं बरोबर होतं. दम शिल्लक होता, तोरणा मी चढले असते. पण एकदा वर गेल्यावर खाली यायला उतारच आहे, तोही बहुधा अंधारात, आणि मधे कुठेही गाडी येत नाही. सांध्याला सांभाळणारे स्नायू थकले की सगळा भार अस्थिबंधावर येतो, आणि माझा अस्थिबंध अजून कच्चा होता. बऱ्या झालेल्या दुखापतीला पुन्हा फाडते ती बहुतेक वेळा हीच थकलेली पोटरी, हीच न ऐकणारी मांडी.

नंबर काढून त्याच्या हातात दिला. वाईट वाटलं, खूप वाटलं. रस्त्याकडेच्या दगडावर बसून तोरण्याच्या धारेवर चढत जाणारे ठिपके बराच वेळ बघत होते, आणि त्यांतल्या प्रत्येकासाठी मनापासून टाळ्या वाजवत होते.

(दृश्य: दवाखान्यातली तपासणी. पाऊल हळूहळू वळवून पाहणारे हात.)

पुढचे काही दिवस जिना उलटा उतरावा लागला, इतक्या मांड्या दुखत होत्या. घोट्याला सूज नव्हती. मॅडमनी पाऊल सगळीकडून वळवून पाहिलं, एका पायावर उभं केलं, डोळे मिटायला लावले. पाय लटपटला, पण पूर्वीइतका नाही.

आता वेळापत्रकात चढाचे मीटर मी लिहीत नाही, फक्त उतरलेले लिहिते. आधी आतकरवाडीची वाट, मग कल्याण दरवाजा, उन्हाळ्याआधी के टू एस, आणि मांडी तयार झाली की वेल्ह्याच्या बाजूने तोरणा. तोही आधी चालतच.