बोअरच्या पाईपाची घोडी

लातूरहून अंबाजोगाईकडं निघालं की रोडच्या कडेला गॅरेजच गॅरेज, त्यातलंच हे एक. पत्र्याचं शेड, खाली दारं उतरवलेली पिकअप, आणि तिच्या दोन्ही अंगाला पाय रोवून उभी असलेली ही लोखंडी घोडी. पिकअपची केबिन अख्खी वर उचलायला मिस्त्रींनी ती इथंच, स्वतःच्या हातानं वेल्डिंग मारून बनवलीय.

पाय बघा तिचे. बोअरचा केसिंग पाईप आहे हा, भोकात माती ढासळू नये म्हणून घालतात तो. १९७२ च्या दुष्काळानंतर आपल्याकडं बोअर वाढत गेले, पाणी खाली खाली गेलं, २०१६ ला तर लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, आणि कोरड्या पडलेल्या बोअरचा असला जुना लोखंडी पाईप भंगारात मिळतो. मिस्त्री आधी बोअरच्या मोटारी काढायला जायचे, तिथं तीन पायाच्या घोडीला चेन पुली लावून मोटार वर ओढतात, ते काम अंगवळणी पडलेलं. पण तीन पायात गाडी मावत नाही. मग दोन्हीकडं फाकवलेले दोन-दोन पाय, वर आडवा गर्डर, कोपऱ्यात जाड पट्टीचे त्रिकोण, आणि मधून गाडी आरपार जाईल एवढी मोकळी जागा.

केबिन काढायची कशाला म्हणाल तर खताच्या गोण्या वाहून वाहून खालची चेसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, गंजते, केबिन ज्यांच्यावर टेकते ते रबर बुश बसतात तिथला पत्रा सडतो. गाडीखाली उताणं पडून वेल्डिंग मारायचं म्हणजे ठिणग्या सरळ तोंडावर.

वायरिंग, स्टेअरिंगचा जॉइंट, ब्रेक-क्लचच्या लाइनी, बुशचे बोल्ट, सगळं आधीच सुटं केलंय. दारांच्या जागेतून दोन चॅनल, म्हणजे जाड लोखंडी पट्ट्या, आरपार घातलेत, छपराची कड चेपू नये म्हणून त्यांना जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळलेत. चॅनलच्या चारी टोकांच्या साखळ्या वरच्या लांब पट्टीला, आणि पट्टी चेन पुलीच्या हुकाला.

आता त्या पट्टीकडं नीट बघा. ओळीनं भोकं पाडलीत. केबिन मधोमध धरली तर सरळ उचलत नाही, कारण डॅशबोर्ड, पॅडल, स्टेअरिंग, सगळं वजन पुढं. म्हणून पहिल्यांदा फक्त चार बोटं उचलायची.

"थांब थांब, नाक खाली चाललंय. खाली घे. एक भोक पुढं."

शॅकल, म्हणजे हुक अडकवायची कडी, पुढच्या भोकात घातली, परत साखळी ओढली. हातभर साखळी ओढली तर केबिन जेमतेम बोटाच्या जाडीएवढी वर येते, पण हात सोडला तरी खाली येत नाही, पुलीच्या आतला ब्रेक धरून ठेवतो. आता लेव्हल बघा. डॅशबोर्डवर ठेवलेला पाना जागचा हलला नाही. हे गणित मिस्त्रींनी कागदावर कधी मांडलेलं नाही, पण असलं काम आयटीआयच्या पोरांना इथं आणून दाखवलंच पाहिजे असं आम्हाला मनापासून वाटतं.

चेसी हातानं ढकलत मागं काढली. लटकत्या केबिनखाली कुणीच जायचं नाही, ती लगेच खाली लाकडाच्या ओंडक्यांवर टेकवायची. पूर्वी ह्याच कामाला सात-आठ जण लागायचे, बोटं चेमटायची, आता दोघात होतं.

आणि हे मापं घ्यायला आलेत ते रेणापूरचे दुसरे मिस्त्री. टेप धरून पायातलं अंतर सांगतायत आपले मिस्त्रीच, "अँगल वापरू नका मामा, वाकतो. पाईपच घ्या."